किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल आणि आमच्या घरांतील पहिली शाळा

मूल तीन वर्षांचें होतें न होतें तोंच त्यास कोणत्या शाळेंत घालावें, ही विवंचना हल्लीं आमच्या शहरांतील घराघरांत सुरू होते. पेढीवर बसणारा व्यापारी असो कीं कचेरींत जाणारा कारकून असो, दोघांचाही समज असा झालेला दिसतो कीं, जें मूल चवथ्या वर्षीं अक्षरें गिरवीत नाहीं तें जन्मभर मागें पडणार. मग त्या चिमुकल्या हातांत पेन्सिल येते, पाठीवर दप्तर चढतें, आणि ज्या वयांत मातींत हात घालावयाचे त्या वयांत तें हाताची घडी घालून बांकावर बसावयास शिकतें. ज्यांस भारी शुल्क देण्याची ऐपत आहे ते पैसे मोजून निश्चिंत होतात. ज्यांस ती नाहीं ते आपल्या मुलाचें नुकसान झालें म्हणून हळहळतात. आमच्या मतें दोघेही सारखेच फसलेले आहेत. बालशिक्षण ही बाजारांत विकत मिळणारी वस्तु आहे, हा भ्रम दोघांच्याही मनांत आहे. तो दूर व्हावा एवढ्याच हेतूनें, लहान मुलांच्या शाळेला ज्यांनीं बाग हें नांव दिलें त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जर्मनींतील थुरिंजिया या अरण्यमय प्रांतांत, ओबरवाइसबाख नांवाच्या खेड्यांत, ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं फ्रोबेल यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते; आसपासच्या अनेक वस्त्यांचें काम त्यांच्याकडे असल्यामुळें घराकडे पाहण्यास त्यांस सवड नसे. मूल नऊ महिन्यांचें असतांनाच आई वारली. पुढें सावत्र आई आली. तिनें आरंभीं माया लावली, परंतु स्वतःला मूल होतांच या पोरक्या पोराकडे पाठ फिरविली. वडिलांस तो मंदबुद्धीचा वाटे, म्हणून त्यांनीं त्यास गांवच्या मुलींच्या शाळेंत बसविलें. अशा स्थितींत त्या मुलाचे खरे सोबती म्हणजे घराजवळची बाग आणि गांवाभोंवतालचें रान. दहाव्या वर्षाच्या सुमारास मामानें त्यास आपल्या घरीं नेलें, आणि प्रेमाचा हात पाठीवर फिरणें म्हणजे काय याचा अनुभव त्यास प्रथम आला. पुढें ज्या पुरुषानें सर्व आयांस मुलाशीं कसें खेळावें हें शिकविलें, त्यास स्वतःच्या आईची आठवणही नव्हती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्याच्या घरीं विहीर नसते त्यालाच पाण्याची किंमत कळते.

त्यांच्या तारुण्याचा काळ आमच्या व्यवहारी वाचकांस मुळींच आवडणार नाहीं. पंधराव्या वर्षीं ते एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारीस राहिले. तेथें दोन वर्षें काढून १७९९ सालीं येना येथील विद्यापीठांत गेले. तेथें कर्ज झालें, तें फिटेना, म्हणून विद्यापीठाच्या बंदिखान्यांत नऊ आठवडे काढावे लागले. त्यानंतर कोठें जमीनमोजणी, कोठें कारकुनी, असे कित्येक उद्योग झाले. अशा माणसास आपल्याकडे धरसोड्या म्हणतात. १८०५ सालीं वास्तुविद्या शिकण्यासाठीं ते फ्रांकफुर्ट शहरीं गेले असतां तेथील एका नमुनेदार शाळेच्या चालकानें त्यांस शिक्षकाची जागा देऊं केली. मुलांच्या पुढें उभे राहतांच त्यांस कळून चुकलें कीं, इतके दिवस आपण जें शोधीत होतों तें हेंच. तेव्हां त्यांचें वय तेवीस होतें.

त्या वेळीं युरोपांत स्वित्सर्लंडमधील पेस्टालॉझी यांच्या शाळेची मोठी ख्याति होती. शब्दाआधीं वस्तु, नियमाआधीं अनुभव, आणि शाळेआधीं आई, हें पेस्टालॉझींच्या पद्धतीचें सार. फ्रोबेल आपल्या तीन शिष्यांस बरोबर घेऊन १८०८ पासून १८१० पर्यंत त्यांच्याजवळ राहिले. गुरूंबद्दल आदर पूर्ण, पण डोळे उघडे, अशी त्यांची वृत्ति होती. तेथें पुष्कळ चांगलें असूनही एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशीं सांधा जुळलेला नाहीं, असें त्यांस वाटे. पुढें गोटिंगेन व बर्लिन येथें त्यांनीं सृष्टिशास्त्रांचा अभ्यास केला. १८१३ सालीं नेपोलियनविरुद्धच्या लढाईंत स्वयंसैनिक म्हणून गेले. आणि परत आल्यावर बर्लिनच्या खनिजसंग्रहालयांत मदतनीस झाले. तेथें स्फटिकांकडे पाहतां पाहतां त्यांच्या मनानें एक सिद्धांत घेतला. स्फटिकाला बाहेरून कोणी आकार देत नाहीं. त्याच्या आंतील नियमानेंच तो घडत जातो. मुलाचेंही तसेंच आहे. बाहेरून ठोकून मूल घडत नाहीं; त्याच्या आंत जें आहे तें बाहेर येण्यास वाव देणें एवढेंच शिकविणाराचें काम.

१८१६ सालीं त्यांनीं आपल्या पांच पुतण्यांस घेऊन एका खेड्यांत शाळा काढली. घरचींच मुलें, आणि भांडवल जवळजवळ नाहींच, असा तो आरंभ होता. पुढल्या वर्षीं ती कायलहाऊ येथें नेली. युद्धांत जोडलेले लांगेथाल व मिडेनडॉर्फ हे दोघे मित्र त्यांस येऊन मिळाले, आणि १८१८ सालीं विवाह होऊन आलेल्या पत्नी हेन्रिएटा यांनीं बर्लिनमधील सुखाचें राहणें सोडून त्या ओढग्रस्तीच्या संसारांत उडी घेतली. मुलें शेतांत खपत, डोंगर चढत, लांकूडकाम करीत आणि त्याच्या जोडीला विद्या शिकत. १८२६ सालीं फ्रोबेल यांचा मनुष्याच्या शिक्षणावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. परंतु ज्या शाळेंत मुलें मोकळेपणानें विचार करूं लागतात त्या शाळेकडे राज्यकर्ते संशयानें पाहतात, हा सर्व देशांचा अनुभव. कायलहाऊच्या शाळेवरही राजद्रोही विचारांचा आळ आला, आईबापांनीं मुलें काढून घेतलीं, आणि अखेरीस विद्यार्थ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

१८३१ सालीं ते स्वित्सर्लंडांत गेले. तेथें बुर्गडॉर्फ गांवच्या अनाथालयाचें काम त्यांच्याकडे आलें, आणि त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण लागलें. शाळेंत येणाऱ्या मुलांकडे पाहून त्यांस दिसलें कीं, आपण फार उशीरा हात घालीत आहों. सहा सात वर्षांचें मूल शाळेंत येतें तेव्हां पाया अगोदरच बसलेला असतो. तो वांकडा बसला असल्यास वरच्या भिंती सरळ कशा येणार? म्हणून १८३७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, जर्मनींत परत येऊन ब्लांकेनबुर्ग येथें त्यांनीं अगदीं लहान मुलांसाठीं संस्था काढली. पंचावन्नाव्या वर्षीं आमच्याकडील लोक पेन्शनीचा हिशेब करूं लागतात. या गृहस्थाच्या खऱ्या कार्यास त्या वयांत आरंभ झाला! या संस्थेस शाळा म्हणावयाचें नव्हतें, कारण तेथें पाठ द्यावयाचे नव्हते. पुष्कळ दिवस नांव सुचेना. शेवटीं मित्रांबरोबर डोंगरवाटेनें जातां जातां किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हा शब्द त्यांस सुचला असें सांगतात. १८४० सालच्या जून महिन्यांत या नांवानें संस्थेची विधिपूर्वक स्थापना झाली. बागेंत माळी रोपाला ओढून उंच करीत नाहीं. तो माती भुसभुशीत करतो, पाणी घालतो, तण काढतो आणि वाट पाहतो. सगळें तत्त्व त्या एका नांवांत आलें.

आतां त्या बागेंत काय चाले तें पाहूं. कारण आमच्या वाचकांस कामाचा भाग तोच आहे. फ्रोबेल यांनीं मुलांसाठीं खेळण्यांची एक माळ तयार केली व त्यांस देणग्या हें नांव दिलें. पहिली देणगी म्हणजे लोंकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे, दोरीला बांधलेले. दुसरी म्हणजे लांकडाचा एक गोळा, एक चौकोनी ठोकळा आणि या दोहोंचे गुण अंगीं असलेला एक नळकांड्यासारखा ठोकळा. गोळा लोळतो, ठोकळा बसतो, नळकांडें उभें केल्यास बसतें व आडवें केल्यास लोळतें. हें मूल स्वतः पाहून शिकतें, कोणी सांगावें लागत नाहीं. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत कापलेला एक मोठा घन. या आठ तुकड्यांतून तीन तऱ्हेचे खेळ निघतात. खुर्ची, पूल, पायऱ्या अशा रोजच्या पाहण्यांतील वस्तु रचणें हा एक. आठाचे दोन चार, चाराचे दोन दोन, असा अर्ध्या-पावाचा हिशेब हातानें करून पाहणें हा दुसरा. आणि मध्याभोंवतीं सारख्या अंतरावर मांडून नक्षी काढणें हा तिसरा. एका रचनेंतून दुसरी काढावयाची ती सगळी पाडून नव्हे, तर एक दोन तुकडे हलवून. आणि खेळ संपतांच आठही तुकडे जुळवून पुन्हां पूर्ण घन करून पेटींत ठेवावयाचा. अपूर्णांक, नीटनेटकेपणा आणि कल्पनाशक्ति या तिन्हींचे पाठ आठ लांकडी तुकड्यांत बसविणारा हा माणूस खरा काटकसरी म्हटला पाहिजे.

या देणग्यांच्या जोडीला कागद दुमडणें, पट्ट्या विणणें, माती मळून आकार करणें, भिजविलेले वाटाणे व काड्या जोडून सांगाडे करणें, असे हातउद्योग असत. प्रत्येक मुलास बागेंत स्वतःचा लहानसा वाफा असे, आणि त्याखेरीज सर्वांच्या सामाईक मालकीचे वाफे असत. माझें आणि आमचें यांतील भेद व संबंध मुलांस जमिनीवर दिसे.

परंतु फ्रोबेल यांचें घराशीं असलेलें नातें सर्वांत स्पष्ट दिसतें तें १८४४ सालीं निघालेल्या त्यांच्या आईच्या गाण्यांच्या व खेळांच्या पुस्तकांत. खेड्यापाड्यांतल्या आया मुलास मांडीवर घेऊन स्वाभाविकपणें जें करतात तें त्यांनीं बारकाईनें पाहिलें, आणि त्यालाच सुसंगत रूप दिलें. मूल पाय झाडूं लागलें कीं त्याच्या पावलांस आईनें आपले तळहात लावावे. जोराला जोर मिळाला कीं मुलास आपल्या शक्तीची जाणीव होते. मनगट फिरवून वातकुक्कुट करावा; न दिसणारा वारा दिसणाऱ्या वस्तूला फिरवितो ही नवलाची गोष्ट मुलाच्या ध्यानीं येते. हातानें भाकरी थापण्याचा खेळ खेळतां खेळतां भट्टीवाला, पिठाची गिरणी, शेतकरी, पाऊस, ऊन अशी सारी सांखळी मुलापुढें उलगडते, आणि आपल्या घासामागें किती जणांचे हात आहेत हें त्यास कळतें. यासाठीं आईला शास्त्र पढावें लागत नाहीं. आपण रोज करतों त्यांत अर्थ आहे एवढें तिला कोणीतरी सांगावें लागतें. फ्रोबेल यांनीं तें सांगितलें.

हें सांगतांना त्यांस काय सोसावें लागलें तेंही पाहिलें पाहिजे. १८३९ सालीं पत्नी वारल्या. किंडरगार्टनसाठीं भाग विकून भांडवल उभारण्याची योजना केली, ती फसली. देशांतील स्त्रियांनीं पुढें येऊन भाग घ्यावे ही त्यांची आशा फळास आली नाहीं. पांढऱ्या केसांचा म्हातारा खेड्यांतील पोरांबरोबर हात धरून रिंगण घालतो हें पाहून लोक त्यास वेडा म्हणत. तरुण स्त्रियांस शिकवून शिक्षिका करावें हें त्यांचें म्हणणें तर अनेक शाळामास्तरांसही हास्यास्पद वाटे. त्याच सुमारास, १८४८ सालीं, आमच्या पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले मुलींची शाळा चालवूं लागले होते आणि शिव्याशाप सोसत होते. दोन देशांतील या माणसांस एकमेकांचें नांवही ठाऊक नव्हतें, पण स्त्री शिकविणारी होऊं शकते हें ज्यांस पाहवत नव्हतें अशी मंडळी दोन्हीकडे सारखीच होती. १८४९ सालीं बेर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदार घराण्यांतील विदुषीची त्यांच्याशीं गांठ पडली, आणि वेडा म्हणून ज्यास लोक हंसत त्याचें मोल तिनें ओळखलें. पुढें अनेक देशांत या पद्धतीचा प्रसार झाला तो मुख्यतः तिच्या श्रमांमुळें.

शेवटचा घाव सर्वांत क्रूर होता. ऑगस्ट १८५१ मध्यें प्रशियाच्या सरकारनें नास्तिक व समाजवादी मतांचा फैलाव करणाऱ्या संस्था म्हणून आपल्या राज्यांत किंडरगार्टनवर बंदी घातली. खरी गोष्ट अशी कीं, कार्ल फ्रोबेल नांवाच्या त्यांच्या पुतण्यानें स्त्रीशिक्षणावर एक पुस्तिका लिहिली होती, आणि सरकारनें चुलत्या-पुतण्यांत घोंटाळा केला. चूक दाखवून दिली, विनंत्या केल्या. पण आपली चूक कबूल करणें सरकारच्या स्वभावांत नसतें. ज्या माणसाचें सारें जीवित देवावरील श्रद्धेवर उभें होतें त्याच्या कपाळीं नास्तिकपणाचा शिक्का बसला. त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या शिष्या लुईझ लेविन यांच्याशीं विवाह केला होता. ता. २१ जून १८५२ रोजीं, बंदी कायम असतांनाच, सत्तर वर्षांच्या वयांत फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली ती १८६० सालीं. त्यांच्या थडग्यावर घन, नळकांडें व गोळा असे तीन आकार एकावर एक रचलेले आहेत; मुलांच्या हातांतलें खेळणेंच त्यांचें स्मारक झालें.

बीज मात्र मेलें नाहीं. १८५६ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत वॉटरटाऊन या गांवीं मार्गारेठ शुर्ट्स या जर्मन बाईनें आपल्या घरांत, स्वतःची मुलगी व आप्तांचीं चार मुलें जमवून जो खेळ सुरू केला, तोच अमेरिकेंतील पहिला किंडरगार्टन म्हणून गणला जातो. त्यासाठीं इमारत नव्हती, फलक नव्हता; एक घर, एक आई आणि चार दोन पोरें एवढीच सामग्री होती.

येथें दुसरी बाजूही सांगणें आमचें कर्तव्य आहे. फ्रोबेल यांची भाषा पुष्कळ ठिकाणीं गूढ आहे, आणि प्रत्येक चेंडूंत विश्वाची एकता पाहण्याचा त्यांचा आग्रह सर्वांस पटण्यासारखा नाहीं. शिवाय त्यांच्या पश्चात् अनेक अनुयायांनीं देणग्यांचा देव्हारा केला. अमुक देणगी अमुक क्रमानें, सर्व मुलांनीं एकाच वेळीं, बाईंच्या हुकुमासरशीं उघडावी, अशी कवाईत सुरू झाली. जें मोकळेपणासाठीं निर्माण झालें त्याचेंच कर्मकांड बनलें. आणि अमेरिकेंतील सुधारक शिक्षणशास्त्रज्ञांनीं त्यावर योग्य टीका केली. पद्धति कितीही चांगली असो, ती मुलापेक्षां मोठी झाली कीं तिचें ओझें होतें, हा यांतील धडा.

आमच्या भागांत हा धडा नीट ओळखला तो ताराबाई मोडक यांनीं. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. ताराबाईंनीं त्यांच्याबरोबर काम केलें, आणि पुढें १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं केंद्र उघडलें. त्यांच्यावर ठसा मुख्यतः माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचा होता. परंतु महागडीं साधनें खेड्यास परवडणार नाहींत हें दिसतांच त्यांनीं शंखशिंपले, बिया, पानें, माती यांसच साधनें केलें. मुलें शाळेंत येईनात तर शाळाच मुलांच्या आंगणांत नेली. त्या कामांत अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी हा शब्द त्यांच्याच कार्यानें रूढ झाला, आणि आंगणवाडी हें नांव १९७५ सालापासून सरकारी योजनेनेंही उचललें. वाडी म्हणजे बागच. फ्रोबेल यांचा शब्द मराठींत येऊन नारळी-पोफळीच्या सावलींत बसला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां आमच्या घरांकडे वळूं. चिंचोके, सागरगोटे, रिकाम्या काड्यापेट्या, कणकेचा गोळा, जुन्या लोंकरीचा चेंडू, सुताराकडून कापून आणलेले आठ ठोकळे, एक कुंडी व मूठभर मेथी, एवढें साहित्य कोणत्या घरीं जमणार नाहीं? सकाळीं डाळ-तांदूळ निवडतांना मुलाला निराळीं धान्यें वेगळीं करूं द्यावीं. दारांत रांगोळीचे ठिपके मांडतांना त्याच्या हातीं चिमूट द्यावी. फ्रोबेल ज्याला नक्षीचा खेळ म्हणत तोच हा. दुकानदारानें आपल्या मुलास घटकाभर तागडीजवळ बसवावें. जड-हलकें, कमी-जास्त, अर्धा-पाव हें तो पुस्तकाशिवाय शिकेल. संध्याकाळीं एक गोष्ट, एखादें आजीचें गाणें, आणि दिवसांतून एकदां उघड्या हवेंत धांवणें. यास वेळापत्रक हवें तर इतकेंच कीं, रोज कांहींतरी हातांचें, कांहींतरी कानांचें आणि कांहींतरी अंगणांतलें असावें. मूल कंटाळलें कीं खेळ थांबवावा. रमलें कीं जेवणाची घटका थोडी पुढें ढकलावी. पाहुणे आले, आजार झाला तर आठवडाभर कांहींच करूं नये. रोप एक दिवसाच्या खाड्यानें सुकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, घरकामानें दमलेल्या बाईच्या माथीं आणखी एक काम कां लादतां? आक्षेप खरा आहे, आणि फ्रोबेल यांनीं सारा भार आयांवर टाकला हा त्यांच्या विचारांतील उणेपणाच होय. पण मुलांबरोबर रिंगण धरणारा तो म्हातारा पुरुषच होता, हें आमच्या पुरुष वाचकांनीं विसरूं नये. दुकानाची फळी लावल्यावर बापानें अर्धा तास दिला, तर खातेवहींत ती रक्कम दिसणार नाहीं. पण तें मुद्दल बुडणार नाहीं एवढी हमी आम्ही देतों. दुसरा कोणी म्हणेल, मूल एकलकोंडें होईल. तर शेजारचीं चार मुलें बोलवावीं. चाळीचा व्हरांडा ही उत्तम बालवाडी आहे, आणि तेथें जात पाहून मुलें निवडूं नयेत, एवढीच आमची अट. तिसरा विचारील, अक्षरओळख मागें पडेल त्याचें काय? २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानून त्यांत खेळालाच महत्त्व दिलें आहे. जो हात माती मळतो, कागद दुमडतो, मणी ओंवतो, तो वेळ येतांच लेखणीही धरतो.

जवळची आंगणवाडी किंवा बालवाडी चांगली असेल तर मुलास तेथें अवश्य धाडावें; आमचें भांडण शाळेशीं नाहीं, उतावळेपणाशीं आहे. ज्यास आई मिळाली नाहीं, बापाचें लक्ष मिळालें नाहीं, ज्याच्या कार्यावर सरकारनें बंदी घातली, त्या माणसानें जगांतील मुलांस खेळण्याचा हक्क मिळवून दिला. आमच्या मुलांस आई आहे, बाप आहे, अंगण आहे, आणि कसलीही बंदी नाहीं. तरीही तो हक्क आम्ही आपल्याच हातांनीं काढून घेणार असूं, तर प्रशियाच्या त्या प्रधानास नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार उरत नाहीं. आज घरीं गेल्यावर वाचकांनीं मुलाच्या हातांतील पेन्सिल घटकाभर बाजूला ठेवून त्याच्यापुढें मूठभर चिंचोके टाकावे आणि तें काय करतें हें नुसतें पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.